अर्धी राहिलेली हजामत

आमच्या घरची भाकरी कधी एका रंगाची झाली नाही. अण्णा गावचे न्हावी. वर्षभर ज्यांच्या दाढ्या आणि डोकी करायची, त्यांनी सुगीला धान्य घालायचं, असं बलुतं होतं आमचं, आणि सगळ्या घरची ज्वारी एकाच पोत्यात पडायची. कुणाची टपोरी पांढरी, कुणाची काळपट, कुणी मुद्दाम किडकी घातलेली. आई ती निवडता निवडता घरं ओळखायची. "ही शिंद्यांची. ही त्या वरच्या आळीच्या म्हातारीची, खडं घातल्यात मेलीनं." भाकरी थापली की तिच्यावर ढगासारखे डाग दिसायचे. सकाळी मला जाग यायची ती अण्णांच्या वस्तऱ्यानं. दारातल्या खांबाला चामड्याचा पट्टा बांधलेला होता, त्याच्यावर वस्तरा खालीवर करताना सर्र सर्र असा आवाज यायचा. मग धोकटी काखेत मारून अण्णा निघायचे. धोकटी म्हणजे न्हाव्याची कातडी पिशवी. तिच्यात वस्तरे, वाटी, आरसा, नखं काढायची नऱ्हाणी असं सगळं असायचं. आमचं गाव वाईच्या अलीकडं, कृष्णेच्या काठी. कारखान्याला ऊस जायला लागल्यापासून मोठ्या घरांवर मंगलोरी कौलं आली होती. आमच्यावर पत्रा होता.

अण्णांचं नाव दगडू. गावातल्या वडीलधाऱ्यांनी त्यांना दग्या म्हटलं तर मी समजू शकले असते. पण पाटलांच्या घरातला सहा वर्षांचा नातूही "ए दग्या, माझं केस काप" म्हणायचा, आणि अण्णा "व्हय जी, धाकलं सरकार" म्हणून उकिडवे बसायचे. लग्न कुणाचंही असो, सांगावे घेऊन अण्णांनी हिंडायचं, पाहुण्यांचे पाय आईनं धुवायचे, पानं मी पुसायची. मी त्या जूनमध्ये अकरावीला जाणार होते; मॅट्रिकची परीक्षा तेव्हा अकरावीला असायची. वर्गात पहिली यायचे आणि मे महिन्यात अर्ध्या वर्गाच्या आयांचे पाय धुवायला आईबरोबर घंगाळ धरून बसायचे. कोण काय बोललं, कुणी कसा पाय पुढं केला, हे सगळं मी मनात साठवत होते. माझा मुलगा आता म्हणतो, "आई, पन्नास वर्षं झाली, सोड की." मी सोडणार नाही. सोडायचं असतं तर हे लिहायला बसलेच नसते.

त्या वर्षी चैत्रात सोपानकाका विलायतेहून आले. काका म्हणजे अण्णांचे धाकटे भाऊ. पलटणीत न्हावी म्हणून भरती झाले, तिथून सुटल्यावर ओळखीच्या एका सुभेदाराच्या पाठोपाठ इंग्लंडला गेले आणि तिथल्या एका गिरण्यांच्या गावात ओतशाळेत कामाला लागले. लोखंड ओतता ओतता त्यांचे हात भाजून काळे पडले होते. बारा वर्षांत वस्तरा त्यांनी फक्त स्वतःच्या गालावर धरला होता. वत्सलाकाकी आणि त्यांचा मोहन तिकडंच राहिले होते, मोहनची शाळा बुडू नये म्हणून. काका तपकिरी सूट घालून एसटीतून उतरले तेव्हा पारावरची माणसं उठून उभी राहिली. मग ओळख पटली आणि सगळी परत खाली बसली. ते उठणं आणि ते बसणं मी शाळेच्या पायरीवरून पाहिलं.

काकांच्या बॅगेतून साबणाचा वास यायचा. टॉफीचा डबा, आईला नायलॉनचं लुगडं, अण्णांना ट्रान्झिस्टर. पण आम्हाला हव्या होत्या गोष्टी. आईनं हुलग्याचं माडगं केलं होतं. काका ते फुरके मारत पीत होते आणि आम्ही त्यांच्याभोवती बसलो होतो.

"भावजी," आईनं विचारलं, "तिथं आपल्यासारख्यांस्नी कुठं बसवत्यात?"

"बसवत्यात म्हंजी?"

"म्हंजी लग्नाबिग्नात. पंगतीला."

काका हसले. "वैनी, तिथं कचरा उचलणारा माणूस माझ्या भिंतीला भिंत लावून ऱ्हातो. त्येला समदे मिस्टर म्हणत्यात. कारखान्याचा मालक सोता मोटार धुतो रविवारी. म्या डोळ्यानं बघितलंय."

"मग ब्येस हाय की!"

"ब्येस कुठलं? मालकाचं पोरगं येगळ्या शाळंत जातं, कामगाराचं येगळ्या. तोंड उघडलं की त्यास्नी कळतं कुठल्या आळीतला हाय ते. आनि आमास्नी तर तोंड उघडायची बी गरज न्हाई." त्यांनी मनगटावर बोट आपटलं. "ह्यो रंग बघितला की बास. खोली बघायला गेलो तर दारावर पाटी, काळ्यांना जागा न्हाई. म्हणून तर घर घ्यावं लागलं, दोघांनी रातपाळ्या करून."

अण्णांनी माडग्याची वाटी खाली ठेवली. ते म्हणाले, "म्हंजी तिथं बी हायच की."

"हाय. पर तिथं पाटील आनि न्हावी एकाच रंगाचं दिसत्यात, दादा."

आणि मग त्यांनी जयवंतची गोष्ट सांगितली. जयवंत म्हणजे आबासाहेब पाटलांचा धाकटा. पुण्याला इंजिनिअर होऊन पुढं शिकायला इंग्लंडला गेला होता. गावात समजूत अशी, की तो तिथं बंगल्यात राहतो. काका म्हणाले की तो त्यांच्या दारात बर्फात भिजलेली ट्रंक घेऊन आला होता. दहा दारं फिरला, दहाही ठिकाणी रंग बघून नाही म्हणाले. कुणीतरी सांगितलं, तुमच्या मुलखातला एक माणूस पुढच्या गल्लीत राहतो. काकीनं दार उघडलं, त्याचे बूट काढले, शेगडीपुढं बसवून पिठलं-भात वाढला. त्यानं ताट चाटून पुसून खाल्लं. पुढं दोन हिवाळे तो त्यांच्या माडीवर राहिला. काकीला काकी म्हणायचा, काकांना काका. काकी कामावर गेली की भांडी घासून ठेवायचा. "लय गुणाचं पोरगं," काका म्हणाले, आणि बॅगेतून एक रंगीत फोटो काढला. दिवाळीची सकाळ. काका खुर्चीत, काकी मागं उभी, तोंडभर हसत. आणि जयवंत वाकून काकांच्या पायावर डोकं ठेवतोय. मोहननं काढलेला. मागं जयवंतच्या अक्षरात लिहिलेलं होतं, 'काकांच्या घरी माझी दुसरी दिवाळी.'

मी तो फोटो किती वेळा पाहिला असेन! आई स्वयंपाक करायची तेव्हा, काका नदीवर जायचे तेव्हा. पाटलाचं डोकं आणि आमच्या माणसाचा पाय, एका चौकटीत.

जयवंतही त्याच सुमारास लग्नासाठी आला होता. मुलगी सांगलीकडची, मोठ्या बागायतदाराच्या घरातली. लग्नाच्या आदल्या दिवशी आबासाहेबांचा माणूस निरोप घेऊन आला. नवरदेवाची हजामत उद्या मांडवात, पाहुण्यांसमोर, सोपानानं करायची. 'आमचा न्हावी विलायतेहून आलाय' असं आबासाहेबांनी व्याह्यांना सांगून ठेवलं होतं.

अण्णा हात जोडून म्हणाले, "मी करतो की जी. रीतीनं माझंच काम हाय ते."

"तुझं रोजचंच हाय, दग्या. त्येला पाठव. आनि सूट घालून यायला सांग, आबासाहेबांनी मुद्दाम सांगितलंय."

मला वाटलं काका नाही म्हणतील. ते माझ्याकडं बघून म्हणाले, "जाऊ दे पोरी. जयवंताचंच लगीन हाय. पोरगं खूश हुईल." त्यांना खरंच तसं वाटत होतं. यासाठी मला अजून त्यांचा राग येतो.

दुसऱ्या दिवशी उन्हं वर आली तेव्हा मांडव भरलेला होता. वाईची बँडपार्टी एकच धून पुन्हा पुन्हा वाजवत होती. बुंदी तळल्याचा वास, तेलाचा धूर, अत्तर. जयवंत चौरंगावर बसला होता, खांद्यावर पांढरा पंचा. सूट घातलेले काका पुढं आले आणि त्याच्याकडं बघून हसले. मी आईबरोबर घंगाळाशी होते, चार पावलांवर. मला वाटलं आता तो उठेल. निदान मान हलवेल. जयवंतनं व्याह्यांच्या रांगेकडं पाहिलं, मग काकांकडं न बघताच म्हणाला, "ए सोप्या, बस खाली. आटप लवकर."

काकांचं हसू लगेच गेलं नाही. चेहऱ्यावर तसंच राहिलं, विसरून राहिल्यासारखं. मग सुटाची विजार गुडघ्याशी वर ओढून ते उकिडवे बसले. बारा वर्षांत सवय मोडली होती. त्यांचा तोल गेला तशी माणसं हसली. कुणीतरी म्हणालं, "सायबाचं पाय दुखत्यात!" आबासाहेब सगळ्यात मोठ्यांदा हसले.

मी घंगाळ तिथंच ठेवलं. आई "कुठं निगालीस गं?" म्हणत राहिली. तीन गल्ल्या पळत घरी गेले, बॅगेतून फोटो काढला, परकराच्या ओच्यात घातला आणि परत आले. विचार करायला वेळ नव्हता असं मी पुढं लोकांना सांगत आले. ते खरं नाही. तीन गल्ल्यांत विचार करून होतो. फोटो कुणाच्या हातात द्यायचा तेही मी ठरवलं होतं. पाटलांच्या माणसांना दिला असता तर त्यांनी फाडला असता. मी तो नवरीच्या मावशीला दिला आणि म्हणाले, "तुमचं जावई आमच्या घरी दिवाळीला व्हतं. बघा, कसं पाया पडत्यात."

मावशीनं फोटो पाहिला, उलटा करून मागचं वाचलं. तिथून तो नवरीच्या मामाकडं गेला. मामा उंच, पांढऱ्या मिशांचा माणूस. हात वर करून त्यानं बँड थांबवला. एका गालाची दाढी झाली होती, दुसऱ्या गालावर साबणाचा फेस तसाच होता. काकांचा वस्तरा नेमका हनुवटीखाली आलेला.

"जावईबापू," मामा म्हणाला, "हे काय हाय? ह्यो खुर्चीतला माणूस कोन, आनि पाया कोन पडतंय?"

जयवंतनं फोटो पाहिला. तो एक शब्द खरा बोलला असता तर मी आज हे लिहिलं नसतं, हे मी शपथेवर सांगते.

"पाया कुठं पडतोय?" तो म्हणाला. "कोटाचं बटन पडलं होतं. ते उचलत होतो."

"आनि ह्यो?"

"हा आमच्या गावचा न्हावी. तिकडं माझ्या खोलीवर कामाला होता."

मामा हसला. मग सगळे हसले. कुणाचाच विश्वास बसला नव्हता, पण सगळ्यांना ते सोयीचं होतं. वस्तरा अजून गळ्यापाशी होता. अण्णा पाण्याची वाटी धरून शेजारी उभे होते. काकांनी वस्तरा हळूच उचलला, पंच्याच्या टोकाला पुसला, मिटला. उभं राहायला त्यांना वेळ लागला.

"कामाला व्हतो न्हवं?" ते म्हणाले. आवाज अगदी साधा होता. "मग आजपास्नं काम सोडलं."

आणि ते मांडवातून चालत गेले.

आबासाहेब ओरडले, "दग्या! बघतोस काय? तू पुरी कर!" मुहूर्त जवळ आला होता. अण्णांनी आयुष्यात त्या घराला नाही म्हटलेलं नव्हतं. त्यांनी एकदा आईकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं. मग हातातली वाटी मांडवाच्या मेढीशी ओतली, धोकटी काखेला लावली आणि म्हणाले, "माझा बी हात दुखतोय आज, आबासाहेब."

शेजारच्या गावाला माणूस पिटाळला, तिथला न्हावी म्हणे सासुरवाडीला गेला होता. त्याच्या पलीकडचा तापानं आजारी पडला. बातमी माणसाच्या पुढं धावली होती. शेवटी जयवंतनं आपल्या सामानातला सेफ्टी रेझर मागवला, आणि विलायतेत रोज स्वतःची दाढी करणाऱ्या त्या माणसाचा हात मांडवात इतका हलला, की हनुवटी कापली. कापूस चिकटवून तो बोहल्यावर उभा राहिला. त्या लग्नाच्या प्रत्येक फोटोत तो कापूस आहे. मी पाहिलेत ते फोटो, पुढं कधीतरी, एका ओळखीच्या घरी अल्बममध्ये. पाहून मला झालेला आनंद मी लपवला नाही.

घरी मात्र मला कुणी शाबासकी दिली नाही. आई कपाळ धरून बसली. काकांनी मला समोर बसवलं. मला वाटलं ते पाठीवरून हात फिरवतील. ते म्हणाले, "शालन, त्यो म्हणाला ते म्या गिळलं असतं. तिकडं आल्यावर त्येला दोन शिव्या दिल्या असत्या आनि इसरलो असतो. पर त्या फोटूत तुझी काकी हासत व्हती. ती त्या मानसांच्या हातातनं फिरली. तिला मी काय सांगू?"

"त्यांनी तुम्हाला सोप्या म्हटलं, काका."

"मला म्हटलं. तू कशाला सूड घ्यायचा माझा?"

फोटो परत मिळाला नाही. काका चार दिवसांनी गेले आणि दोन वर्षं त्यांचं पत्र आलं नाही.

पुढच्या सुगीला आमच्या पोत्यात एका घरचीही ज्वारी पडली नाही. पाटलांनी नदीपलीकडून दुसरा न्हावी आणून बसवला. शाळेच्या कमिटीवर आबासाहेबच होते. परीक्षेचा फॉर्म भरायच्या वेळी हेडमास्तरांनी मला बोलावून, खाली बघत, दुसरी शाळा पाहायला सांगितलं. अण्णांनी पत्रा तेवढा उतरवून घेतला आणि आम्ही सांगलीला आईच्या मावसभावाकडं गेलो. कुपवाडच्या रस्त्याला नवे कारखाने उभे राहत होते. तिथं एका टपरीत अण्णांनी एक खुर्ची, एक मोठा आरसा आणि एक लाकडी बाक मांडला. पाळी सुटली की कामगार सायकली लावून रांगेत बसायचे. ते अण्णांना 'मास्तर' म्हणायचे. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा अण्णांनी मागं वळून पाहिलं, दुसरं कुणी आलंय का ते.

मी सांगलीत शिकले, शिक्षिका झाले, निवृत्तही झाले. मग एकदा काकांकडं इंग्लंडला जाऊन आले. तोवर त्यांनी मला माफ केलं होतं, काकीनं तर त्यांच्याही आधी. घर तेच होतं, रांगेतलं, ओलीच्या वासाचं. मोहन बस चालवत होता. गणितात तो हुशार होता, पण तिथल्या मास्तरांनी त्याला लहानपणीच सुतारकामाच्या वर्गात बसवलं, कामगाराचा आणि त्यातून काळा मुलगा म्हणून. जयवंत लग्नानंतर परत तिकडंच गेला होता; त्याचा बंगला टेकडीवर होता आणि त्याची मुलगी डॉक्टर होती. त्या बर्फात दोघांच्या तोंडावर सारखीच दारं बंद झाली होती, पण एकाच्या ट्रंकेत पदवी होती, आणि ती पदवी आमच्यासारख्यांनी पिढ्यान्‌पिढ्या पाय धुतलेल्या घरातून आली होती. न्हावी पाटलाला घरात आसरा देऊ शकतो असा तो देश, हे खरं. आणि तिथंही पुढच्या पिढीत पाटील टेकडीवर गेला नि न्हावी खालीच राहिला, हेही खरं. मी इथंच राहून मोहनपेक्षा जास्त शिकले, याचा हिशेब मला कुठल्याच देशाच्या नावावर मांडता येत नाही. कुणाकडून तरी कळून जयवंतनं काकांच्या घरी फोन केला. शालनला चहाला घेऊन या म्हणाला. मी म्हणाले, मला वेळ नाही. तो सगळा दिवस मी काकीशेजारी खिडकीत बसून मटार सोलले.

पण मला सांगायचं आहे ते त्याच्या आधीचं, सांगलीतलं दुसरं वर्ष. एका दुपारी मी टपरीच्या मागच्या बाजूला अभ्यास करत होते आणि दारात आबासाहेब उभे राहिले. व्याह्यांच्या कोर्टाच्या कामाला आले होते. दाढी वाढलेली, धोतरावर एसटीची धूळ. नदीपलीकडचा न्हावी एव्हाना मुंबईला गिरणीत निघून गेला होता, हे आम्हाला ठाऊक होतं. खुर्चीत एक तरुण कामगार होता, बाकावर आणखी दोघं.

"दग्या," आबासाहेब म्हणाले, आणि बाकावरच्या दोघांनी चमकून पाहिलं. तशी ते थांबले. "दगडू. बरं हाय न्हवं? जरा दाढी करायची व्हती."

मला वाटलं अण्णा त्यांना हाकलतील. मी त्याचीच वाट पाहत होते. अण्णांनी आरशातूनच पाहिलं. "नंबर हाय," ते म्हणाले. "बसा."

आबासाहेब बसले. दोघं कामगार सरकले नाहीत म्हणून बाकाच्या टोकाला बसले. अण्णांनी खुर्चीतल्या पोराची दाढी पुरी केली, मग पुन्हा साबण लावून दुसऱ्यांदा केली. कानांवरचे केस काढले. मिशीची टोकं सारखी केली, लांब उभं राहून पाहिली, परत सारखी केली. मग तेल घेऊन डोकं मळायला लागले. पोरगं गोंधळलं. "मास्तर, तेल न्हाई सांगितलं मी. लय येळ लावला आज."

"बस रं गड्या," अण्णा म्हणाले. "घाई कुनाला हाय?"

मी पुस्तक मिटलं, बाहेर आले आणि त्या बाकावर आबासाहेबांच्या शेजारी जाऊन बसले. ते जरा सरकले. मी आणखी ऐसपैस बसले.